कार्डावरचं अक्षर

जयवंती भोये. वय एकोणीस, असं ती म्हणते.
वजन एकेचाळीस,
आणि डोक्यावरची पाटी, कमरेची पिशवी उतरवून
पुन्हा उभी केली तर साडेअडतीस.

मोहाडीच्या पुढे, रस्त्याला लागून जी बाग आहे
तिथं टोळी उतरलीय, सुरगाण्याकडची.
मुकादम म्हणतो, सिस्टर, आटपा,
आज डिपिंग आहे.

ज्यांनी द्राक्षं फक्त खाल्लीत त्यांच्यासाठी सांगते:
मगात औषधाचं पाणी, त्यात एक घड बुडवायचा,
हलवायचा, सोडायचा, पुढचा.
दिवसभर हात वर.
मणी त्यानं लांबतो.
तिची बोटं मात्र धुण्याच्या बाईसारखी सुरकुतलेली,
आणि पाचवा महिना.

मी मुकादमाशी बोलले. तो हसला.
मग बंगल्याच्या मागच्या दारानं गेले.
मालकिणीचे दिवस मीच मोजले होते, तीन वर्षांपूर्वी.
ती काही बोलली नाही, चहाही विचारला नाही.
दुसऱ्या दिवशी जयवंती शेडमध्ये बसून
सुतळीचे तुकडे करत होती.

हिमोग्लोबिन सात पॉइंट आठ.
आकडा मी माझ्यापाशी ठेवला.
तिला म्हटलं, तुझ्या डाळीत पाणी फार झालंय गं,
आता घट्ट करायचीय.
लाल गोळी, सकाळ-संध्याकाळ. चहाबरोबर नाही.
नागली खा, लिंबू पीळ, डाव्या कुशीवर नीज.
परसाकडे काळं होईल, घाबरायचं नाही.

"काळं? मग बाळ पण?"

नाही गं बाई.
सगळ्या हसल्या. मीही हसले,
पण उत्तर आधी दिलं.

मग पोटावर यंत्र ठेवलं.
पलीकडे ब्लोअर घरघरत होता, काही ऐकू येईना.
मी हात वर केला. ट्रॅक्टरवाल्या पोरानं,
का कोण जाणे, इंजिन बंद केलं.
आणि वेलींखाली
घाईघाईत कुणीतरी कांडत असल्यासारखं.
ती म्हणाली, माझं एवढं पळतंय?
तुझं सावकाश आहे. हे त्याचं.
ती बराच वेळ यंत्राकडे बघत राहिली,
पोटाकडे नाही.

दिंडोरीला नेऊन रक्तवाढीची दोन इंजेक्शनं झाली.
तिसऱ्याच्या दिवशी गेले तर शेड रिकामी,
चुलीच्या तीन दगडांवर अजून काजळी.
शिमग्याच्या आधीच टोळी निघून गेली होती.
नवऱ्याचा फोन बंद. मुकादमाचा वाजतो,
पण उचलत नाही.

एवढंच बरं की कार्डाच्या कडेला
मी आधीच लिहून ठेवलं होतं, पेन्सिलीनं,
ज्या सिस्टरच्या हाती ते पडेल तिच्यासाठी:
तिसरं बाकी. दुसऱ्यानंतर साडेआठ. सूज पाहा.
लाजते, खोदून विचारा.

मग उन्हाळा गेला. माझ्या रजिस्टरात तिच्या नावापुढे
'स्थलांतरित' हा शब्द,
आणि त्याच्यापुढची सगळी घरं कोरी.

दिवाळीनंतर पुन्हा टेम्पो उतरला.
दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं
तेच कार्ड. त्यावर निळ्या शाईत
उजवीकडे कललेलं, अनोळखी अक्षर.
तिसरं दिलं. चौथंही.
दोन एप्रिल: तोंडावर सूज, डोकं दुखतं, बीपी वाढलेलं,
रात्री साडेअकराला १०२ बोलावली, बरोबर मी.
मुलगी. दोन किलो चारशे. दोघी ठीक.
सही: महाले, बाऱ्हे.

आणि सहीखाली, कुठल्याच रकान्यात न बसणारी एक ओळ:
"सिस्टर, तुमचं अक्षर फार वाईट. पण लागलं."

पोरीला झोळीत घालून काट्याला टांगलं.
पाय झाडत होती, काटा थरथरत होता, थांबेपर्यंत थांबले.
सहा किलो सातशे.
मग मांडीवर कार्ड घेतलं,
आणि पहिलीतल्या मुलीसारखं, एकेक काना नीट ओढत
सावकाश लिहिलं.